दोन डोळ्यांवरचा काप

दादा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ऑक्टोबरची छाटणी सुरू झाली की माझा उजवा हात सकाळी तुमच्या आधी उठतो असं वाटतं. चहाच्या आधी पन्नास काड्या. आता कुणी मोजायला उभं नसतं, पण मी कापते. लोक विचारतात, दिंडोरीचे बागायतदार छाटणीची तारीख ठरवताना आधी माझ्या टोळीलाच का विचारतात, इंदिरानगरात स्वतःच्या दोन खोल्या कशा झाल्या. मी सांगते, रोजच्या पन्नास काड्या. ते मान हलवतात. त्या काड्या कुठून आल्या ते मी सांगत नाही.

मी, तुमची लेक, चौदा वर्षांची होते. त्या एप्रिलमध्ये तुम्ही पहिल्यांदा माझ्या हातात कात्री दिलीत आणि खरड छाटणी शिकवलीत: द्राक्षाच्या काडीवर दोन डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या दोन जागा, ठेवायचे, बाकी सगळं उडवायचं. महिनाभर मी तेच केलं आणि हात तेच शिकला. ऑक्टोबरात तुम्ही बजावलं होतंत की आता फळाची छाटणी आहे, घड वरच्या डोळ्यात असतो, काडी लांब ठेवायची. मी हो म्हणाले. पण ओळीत शिरल्यावर हाताने ऐकलं नाही. दोन डोळे, काप. दोन डोळे, काप. अर्धी ओळ संपली तेव्हा मागून तुमची सावली पडली.

तुम्ही खाली पडलेली एक हिरवी काडी उचलता आणि माझ्या पाठीवर, दंडांवर, मी हात पुढे केल्यावर बोटांवर मारत राहता. टोळीतल्या बाया कात्र्या थांबवून बघतात. काडी मोडते, तुम्ही दुसरी घेता. "या ओळीला पाला येईल आता, नुसता पाला," एवढंच म्हणता. माझ्या करंगळीचं नख उलटलं होतं आणि रक्त मांडवाच्या तारेवर पुसलं गेलं होतं.

तेवढ्यात बागेचा मालक आला. त्याने ओळ पाहिली आणि कुणी कापली ते विचारलं. सगळ्या माझ्याकडे बघणार होत्या, पण तुम्ही आधी बोललात.

"काप माझा हाय, शेठ. नजर चुकली."

त्याने पायातला बूट काढला आणि तुमच्या तोंडावर हाणला. दोनदा. टोपी सरीत पडली. तुम्ही ती उचललीत, झटकलीत, डोक्यावर ठेवलीत आणि बाकीच्या ओळी पुऱ्या करू द्या म्हणून विनवलंत, म्हणजे नुकसान एका ओळीवर थांबेल. मग संध्याकाळपर्यंत तुम्ही छाटत होता, मधूनच लाल थुंकत होता. एकही काप चुकला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे तुम्ही छाटलेल्या काड्यांची मोळी चुलीजवळ टाकलीत. आई सरपण समजून उचलायला गेली. तुम्ही कात्री माझ्यासमोर ठेवलीत. पन्नास काड्या, डोळे मोठ्याने मोजत. चुकला काप की एक फटका. आई भाकरी थापता थापता म्हणाली, "हात मोडून ठेवाल पोरीचा." तुम्ही म्हणालात, "मोडला तर बसवता येतो. चुकलेला काप बसवता येत नाय." तीन वर्षं हे चाललं. द्राक्षाच्या काड्या संपल्या की तुम्ही बोरीच्या आणायचात, काट्यांसकट. एक दिवस मोजणं थांबलं आणि बोट आपोआप योग्य जागी थांबायला लागलं. फटकेही थांबले. तुम्ही शाबास म्हणाला नाहीत. मोळी आणणं बंद केलंत.

गेल्या आठवड्यात टोळीतल्या नव्या मुलीने तेच केलं. एप्रिलमध्ये मीच तिला शिकवलेलं, तिचा हात तसाच चालला. मी ओळीत वाकून काडी उचलली आणि तिच्या बोटांवर मारली. एकदा नाही. ती रडली नाही. म्हणाली, "मावशी, मारायचं तर मारा. पण आधी कोणता डोळा ते दावा ना." मी दाखवला. दुसऱ्या दिवशी ती आली, सात ओळी बिनचूक छाटल्या आणि दिवसभर माझ्याकडे बघत राहिली. दुपारी शिडीवरून घसरून माझा गुडघा फुटला तेव्हाही ती तशीच बघत होती, आणि ती नजर मला ओळखू आली.

म्हणून हे लिहिते आहे. कागद कात्रीच्या पिशवीतच राहील, त्यामुळे लिहायला हरकत नाही. त्या दिवशी तुम्ही माझा काप अंगावर घेतलात आणि मी तशीच बघत गप्प उभी होते. आईला मी सांगितलं, भीतीने जीभ वळली नाही. तुम्हालाही तसंच वाटलं असणार, म्हणून तुम्ही कधी विचारलं नाहीत. भीती नव्हती, दादा. पहिला बूट बसला तेव्हा मला बरं वाटलं होतं.