वन्संची खोड

३ मार्च
ती. वन्संना शि. सा. न. वि. वि.
फोनवर तुमचा भाऊ मध्येच रडायला लागतो, म्हणून लिहितेय. माझ्या दोन्ही फुप्फुसांत बारीक गाठी आहेत. एकीचा तुकडा तपासला, त्यात स्त्री-हार्मोनचे रिसेप्टर, म्हणजे ते हार्मोन पकडणारे रेणू, सापडले. ते स्तनाच्या कॅन्सरमध्ये असतात आणि मागे माझ्या स्तनातली साधी गाठ काढली होती, म्हणून तिथूनच पसरलंय असं इथले डॉक्टर म्हणतात. स्तनात आता काहीच दिसत नाही, तरी सोळा तारखेपासून केमो. तलावावर शिट्टी वाजवत मी पोहायला शिकवते, तो वर्ग सोडावा लागेल. भीती वाटते, पण हातपाय गाळलेले नाहीत.
तुमची भावजय

६ मार्च
चि. सौ. शिट्टीबाईस अनेक आशीर्वाद.
केमो थांबवायला सांग. तुझ्या गाठीचा मेणात जपलेला तुकडा आमच्या प्रयोगशाळेत पाठव. टॉवेलाची घडी तुला आजवर जमली नाही, निदान हा तरी नीट गुंडाळ! माझी खोड इथे सगळ्यांना ठाऊक आहे: सूक्ष्मदर्शकाखालची काच आधी पाहायची, सोबतचा माहितीचा कागद मागाहून. तुझ्या कागदावर पहिल्याच ओळीत स्तनातली जुनी गाठ लिहिलेली असेल. तिथेच तिथल्या डॉक्टरांची नजर अडकली असणार. घरच्या माणसाचं निदान मी करणार नाही. आमच्या सरांना नाव, वय, आजार काही न सांगता काच देईन. मागच्या वर्षी ती गाठ काढताना केलेला छातीचा स्कॅन आणि आत्ताचाही पाठव.
तुझी नणंद

१४ मार्च
चि. सौ. शिट्टीस अ. आ.
सरांनी काच पाहिली आणि लगेच म्हणाले, हे रक्तवाहिनीच्या अस्तराचं आहे. त्या अस्तराची खूण दाखवणारा रंग लावला, तोही चढला. फुप्फुसात अशी गाठ फार क्वचित होते. हार्मोनचे रिसेप्टर हिच्यातही कधीकधी असतात; तेवढ्यावरून मूळ स्तनात आहे असं ठरत नाही. खोटा धीर देत नाही, आजार आहेच. पण मागच्या वर्षीच्या स्कॅनमध्येही या गाठी आहेत, कुणाच्या लक्षात आल्या नव्हत्या, आणि आजही तेवढ्याच आहेत. काच कुणाची ते सरांना मग सांगितलं आणि त्यांच्यासमोरच रडले. लाज नाही वाटली.
तुझी नणंद

१९ मार्च
ती. वन्संना शि. सा. न.
तुमच्या सरांचा रिपोर्ट इथल्या डॉक्टरांनी दोनदा वाचला, तुमच्याशी फोनवर बोलले आणि सुरू होण्याआधीच केमो रद्द केली. आता औषध नाही, ठरावीक महिन्यांनी स्कॅन करून लक्ष ठेवायचं. गाठी वाढल्याच तर पुढचं बघू. काल तलावावर गेले आणि शिट्टी अशी फुंकली की पहारेकरी धावत आला.
लग्न झाल्यापासून माझ्या प्रत्येक कामात तुम्ही खोट काढलीत. मनातल्या मनात मी किती बोटं मोडली असतील! यावेळी तुम्ही माझ्यासाठी दुसऱ्याच्या कामात खोट काढलीत. वन्सं, लवकर या. टॉवेलांच्या घड्या मुद्दाम वाकड्या घालून ठेवल्यात.
लोभ आहेच; टोमणेही असू द्यावेत, ही विनंती.
तुमचीच,
शिट्टी