कडीवर हात ठेवून उभ्या असलेल्या माणसाबाबत

प्रति,
माननीय कुलसचिव,
विद्यापीठ कार्यालय, दुसरा मजला.

विषय: कादंबरी संदर्भ विभागाच्या कपाटातून सोडवणे व अर्जदाराचे ग्रंथालयाचे कार्ड परत मिळणे याबाबत.

संदर्भ: याच शब्दाने घात केला आहे. तरी रीत म्हणून: ग्रंथपालांची अर्जदारास आलेली नोटीस.

महोदय,

१. अर्जदार दिवसा दातांच्या दवाखान्यात नोंदणीच्या टेबलावर बसते आणि संध्याकाळी आपल्या परकीय साहित्य विभागात शिकते. विषयाचे नाव 'आधुनिक कादंबरी: युरोपीय संदर्भात' असे आहे. कादंबरी एकच, पण उशीएवढी जाड. अभ्यासक्रमाचा कागद ग्रंथालयात पोहोचला तेव्हा तेथील कारकुनाने 'संदर्भात' एवढेच वाचले आणि ग्रंथालयातली एकुलती एक प्रत उचलून संदर्भ विभागात, शब्दकोशांच्या शेजारी, कुलपात ठेवली. चूक दाखवली तेव्हा ग्रंथपाल म्हणाले, "लेखी आलंय ना? मग संदर्भच."

२. संदर्भग्रंथ घरी मिळत नाही. तिथेच बसून वाचायचा तर कशाचा संदर्भ हवा ते चिठ्ठीवर लिहावे लागते. अर्जदाराने 'कादंबरीचा' असे लिहिले. चिठ्ठी परत आली. कादंबरीच्या संदर्भासाठी कादंबरी देता येत नाही म्हणे!

३. अर्जदार विभागप्रमुखांकडे गेली. ते म्हणाले, "आधी युरोप समजून घ्या, बाई. कादंबरी कुठे पळून जातेय?" मग वर्षभर त्यांनी महायुद्ध शिकवले, आगगाड्या शिकवल्या, स्वप्नांचे शास्त्र शिकवले, शेजारच्या देशांतल्या कादंबऱ्यांची कथानके फळ्यावर लिहून दिली. शेजारपाजारची सगळी घरे फिरून झाली, ज्या घरी जायचे तिथेच कोणी नेले नाही. अर्जदाराला याचा संताप आहे आणि तो ती या अर्जात लपवत नाही.

४. अर्जदार पदवीसाठी तडफडत नाही, हे आपल्या ध्यानात यावे. तिचा थोरला भाऊ, म्हणजे दादा, ही कादंबरी तिला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून वाचून दाखवत असे. नायक परक्या शहरातून परत येतो, स्वतःच्या दाराशी उभा राहतो, तसाच दीडशे पाने विचार करतो आणि मग कडीवर हात ठेवतो. दादा इथवर आला आणि शेजाऱ्याने पुस्तक मागून नेले. शेजारी बदली होऊन गेला, पुस्तकही गेले. पुढे दादाची दृष्टी गेली. कादंबरी आता बाजारात मिळत नाही. दादा मात्र जेवताना अजून विचारतो, "काय गं, उघडलं का त्यानं दार?" अर्जदाराने आपल्या विद्यापीठात नाव घातले ते या एका प्रश्नासाठी. आता दादाचे कानही मंदावत चालले आहेत. त्याच्या कानाशी ओरडून वाचायचे दिवस थोडे उरले आहेत.

५. शेवटी अर्जदाराने चिठ्ठीवर 'दाराच्या कडीचा संदर्भ' असे लिहिले, आणि काय आश्चर्य, प्रत लगेच मिळाली! अर्जदार दादाला हाताला धरून घेऊन गेली होती. तिने ते पान शोधले. 'त्याने कडीवर हात ठेवला' इथपर्यंत दादाच्या कानात वाचले आणि पान उलटायला गेली, तर पुढची पाने कडेला एकमेकांना जोडलेली. जुन्या बांधणीत मधली काही पाने तेवढी मोकळी असतात, बाकीची अशी जोडलेलीच येतात, वाचणाऱ्याने सुरीने सोडवत जायचे असते. ती थांबलेली पाहून दादा मोठ्याने ओरडला, "अगं थांबलीस काय? उघड ना!" ग्रंथपाल धावत आले, प्रत हिसकावली, दोघांना बाहेर काढले आणि कार्ड जप्त केले. नोटिशीत लिहिले आहे की, अर्जदाराच्या सोबतच्या इसमाने 'कुलूपबंद कपाटे उघडण्याची चिथावणी दिली'. एका आंधळ्या माणसाने!

६. त्या झटापटीत अर्जदाराने प्रतीचे पहिले पान पाहिले. त्यावर विभागप्रमुखांच्या अक्षरात लिहिले आहे: 'तीन वेळा वाचून ग्रंथालयास सप्रेम भेट.' प्रस्तावनेची पाने तेवढी सोडवलेली आहेत. हेच गृहस्थ वर्गात छाती काढून सांगतात की शेवटी दार उघडत नाही आणि त्यातच सगळी आधुनिकता आहे. अर्जदार ते ऐकून घरी गेली होती आणि दादाला सांगायचा तिला धीर झाला नव्हता. आता कळते, बरेच झाले. या बाबतीत विभागप्रमुखांना दादापेक्षा काडीचेही जास्त ठाऊक नाही.

७. सबब विनंती की, कार्ड परत द्यावे, कादंबरी शब्दकोशांतून काढून कादंबऱ्यांत ठेवावी आणि ती अर्जदारास घरी न्यायला द्यावी. परीक्षेत नापास करायचे असल्यास खुशाल करावे, पण कादंबरी वाचल्यानंतर करावे. विद्यापीठाला घाई नसेल. दादाला आहे.

नम्रपणाची शिकस्त करून थकलेली,
अर्जदार
(दादाची धाकटी बहीण)

तारीख: नोटिशीची मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी.

सोबत:
१. नोटिशीची प्रत.
२. 'कादंबरीचा संदर्भ' मागणारी, परत आलेली चिठ्ठी.
३. आमच्या स्वयंपाकघरातली बोथट सुरी. कार्ड द्यायचे नसेल तर पुढची पाने आपण स्वतः सोडवावीत आणि दार उघडते की नाही एवढे एका ओळीत कळवावे. अक्षर कसेही असले तरी चालेल, दादाला मीच वाचून दाखवणार आहे.