पिठाच्या डब्यामागचं पातेलं

आत्ती,

मी सांगते आणि नात लिहिते. सासूला आमच्यात आत्ती म्हणतात, हे तिला आजच कळलं. शुद्ध भाषेत लिहीन म्हणते. लिहू दे, तुम्हाला तरी कुठं वाचता येत होतं.

उचगावच्या घरात भिंतीवर कॅलेंडर असायचं. अक्षर आपल्या दोघींनाही येत नव्हतं, पण लाल आकडा म्हणजे सुट्टी, एवढं कळायचं. पोरं विचारायची, "आज कुणाचा सण?" तुम्ही म्हणायचात, "शाळा बंद हाय न्हवं? मग सगळ्यांचा." नाताळालासुद्धा तुम्ही पुरण घातलंत. देव नवा असला तरी पोरांची तोंडं जुनीच, म्हणालात. तरी एक गोष्ट तुमची पक्की होती. आपण लिंगायत, गळ्यात इष्टलिंग, तेव्हा दुसऱ्याच्या घरात शिजलेलं तोंडात घालायचं नाही. शेजारच्या चाचींना ते ठाऊक. म्हणून दर ईदला त्या आपल्याकडं शिरखुर्मा नाही, त्याचा कोरडा शिधा पाठवायच्या. शेवया, खारीक, चारोळी, साखर. तो मी आपल्या घरात शिजवायची आणि दर वर्षी त्याची लापशी व्हायची. तुम्ही वाटी संपवायचात आणि म्हणायचात, "चाचीचा जिन्नस बिचारा, तुझ्या हातात गावला."

तुमच्या शेवटच्या वर्षी दिवाळी आणि ईद एकाच आठवड्यात आली, कॅलेंडरवर लाल आकड्यांची रांगच लागली. पण तुम्ही थकला होतात. अन्नावरची वासना उडालेली, करंजी पुढं केली तरी तोंड फिरवायचात. ईदच्या सकाळी मात्र आपणहून म्हणालात, "शिरखुर्मा कर की. लापशी नगं." मी तो शिधा उचलला आणि परत चाचींच्याच स्वयंपाकघरात गेले.

"चाची, तुमीच करा. आत्ती काय खाईनात."

"अगं, त्यांचा नेम हाय. मला पाप लावतीस व्हय?"

"पाप माझं, शेवया तुमच्या."

त्या हसल्या आणि दूध तापत ठेवलं.

मागल्या दारानं पातेलं आणलं, आपल्या वाटीत शिरखुर्मा ओतला आणि पातेलं पिठाच्या डब्यामागं लपवलं. जन्मभराचा नेम मी मोडत होते, तेही तुम्हाला न विचारता. तुम्ही एक घोट घेता. थांबता. माझ्याकडं बघता.

"तू केलंस?"

"व्हय."

"बरं."

वाटी संपते. बोट फिरवून चाटता. मग विचारता, "आणि हाय?"

"न्हाय. संपलं."

तुम्ही डोळे मिटून घेता. "मग त्या डब्यामागचं पातेलं रिकामं परत देऊ नगंस. करंज्या घाल."

तुमची खाट स्वयंपाकघराच्या दारासमोर होती, हे मी विसरलेच होते. म्हणजे वाटी तोंडाला लावायच्या आधीच तुम्ही सगळं बघितलं होतं. नेम मी मोडला नव्हता, तुम्हीच सोडलात, आणि वर मला खोटं बोलू दिलंत. आता चाचींची सून शिधा पाठवत नाही, सरळ पातेलंच पाठवते. आमच्या करंज्या घेऊन ते परत जातं.

हे पत्र कुठं टाकायचं, असं नात विचारते. घडी घालून पिठाच्या डब्यामागं ठेव म्हटलं, तुमची नजर तिथं जाते. पण त्याआधी एवढं लिही म्हणाले. त्या दिवशी पातेलं रिकामं नव्हतं, आत्ती. चांगल्या दोन वाट्या होत्या. करंज्यांना जागा पाहिजे म्हणून मागल्या दारात उभी राहून मीच खाल्ल्या.