एकोणतीस नंबरच्या चित्रावरची माझी रेघ

राजाजीनगर, बेंगळूर
१९९८

प्रिय अण्णा,

तुम्ही जाऊन आठ महिने झाले. इतके दिवस लिहिण्यासारखं काही नव्हतं. आज दुपारी मूर्तीनं तुमचं चित्र पुन्हा तपासलं, म्हणून बसलेय.

मूर्ती म्हणजे प्रयोगशाळेत माझ्या शेजारच्या टेबलावरचा. आमचं काम तुम्हाला ठाऊकच होतं. शिलाईच्या दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला तुम्ही ते ऐकवायचात! एमआरआयच्या चित्रात प्रोस्टेट ग्रंथीवरचा संशयित डाग दिसतो. त्याभोवती आम्ही हातानं रेघ ओढायची. मग कंप्युटर रेघेच्या आतला काळेपणा मोजतो आणि सांगतो, हा कॅन्सर सावकाश चालणारा की झपाट्यानं पसरणारा. रेघेबाहेरचं तो बघतच नाही.

आणि एक नियम. चित्रावर नाव नसतं, नुसता नंबर. रेघ ओढणाऱ्याला माणूस कळता कामा नये. तुमचा नंबर एकोणतीस, आणि तो मला ठाऊक होता. मी उठून मूर्तीला बसवायला हवं होतं. नाही बसवलं. माझे अण्णा, मीच बघणार! केवढा तो तोरा!

डाग दोन होते. मधला फिकट, कडेचा गडद. गडद डाग जुन्या सुजेचाही असू शकतो अण्णा, हे खोटं नाही. मी तो सूज म्हणून रेघेबाहेर सोडून दिला. दुसऱ्या कुणाचा असता तर सोडला असता का? नसता.

शिवण शिकवताना तुम्ही ओरडायचात, "खडू इतका जवळून मारू नकोस गं, कडेनं थोडं कापड सोड, स्वल्प!" किती वर्षं ऐकलं, आणि नेमकं तिथंच विसरले.

निकाल सौम्य आला. तुम्ही विचारलंत, "काय म्हणतो तुझा कंप्युटर?"

"सावकाश चालणारा आहे, अण्णा."

"सरी, ठीक झालं. मग कापाकापी कशाला?" म्हणालात आणि दुकान उघडायला गेलात.

डॉक्टरांनी बजावलं होतं, हा नुसता अभ्यास आहे, यावर उपचार ठरवू नका, सुईनं पुन्हा तुकडा काढून तपासू. तुम्ही ती तारीख तीनदा पुढे ढकललीत. लग्नसराई संपू दे म्हणे! खरं म्हणजे 'तिकडचं दुखणं' म्हणून लाजत होतात. याचा मला अजून राग येतो. पण पुढे ढकलायला निमित्त कुणी दिलं? मीच. नंतर ते हाडात उतरलं आणि कापण्यासारखं काही राहिलं नाही.

आज अभ्यासाच्या फेरतपासणीत मूर्तीनं, चित्र कुणाचं ते न कळता, दोन्ही डाग रेघेत घेतले. कंप्युटर म्हणाला, झपाट्यानं पसरणारा. नंबर एकोणतीस दगावला एवढी नोंद त्याच्यापुढे होती, निकाल जुळला म्हणून मूर्ती खूश! "प्रोग्रॅम बरोबर आहे की हो, मॅडम! पहिली रेघ कुणाची?"

"माझी," म्हटलं आणि चहा प्यायला गेले.

वेळेवर ऑपरेशन झालं असतं तर वाचला असतात का? माहीत नाही. डॉक्टरही सांगत नाहीत. तुमची फार आठवण येते, एवढं माहीत आहे.

आई अजून आल्यागेल्याला सांगते, "अय्यो, त्या मेल्या कंप्युटरनं फसवलं हो आमच्या ह्यांना!" आणि मी तिथंच बसून मान हलवते. आठ महिने हलवतेय, अण्णा.

प्रयोगशाळेचे सर म्हणतात, अभ्यासाच्या अहवालात दोन्ही रेघा छापू, तुझं नाव घालायची गरज नाही. मी घाला म्हटलं. ते सोपं आहे. आईचं तसं नाही.

आत्ता ती स्वयंपाकघरात चपात्या लाटतेय. हे संपवून मी तिच्याजवळ जाऊन बसणार आणि सांगणार, कंप्युटरनं नाही गं आई, मी. ती माझ्याशी बोलेल की नाही, कोण जाणे. पण तुम्हाला वचन देते, हे सांगितल्याशिवाय आज तिच्या हातचं जेवणार नाही.

तुमची,
शैला