रन म्हणजे पळणे

खामगाव, कार्तिक वद्य पंचमी

तीर्थस्वरूप रंगरावमामांस,

इंद्रभानाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. आपला गुडघा, मामींचा खोकला आणि तांबड्या गाईचं रुसणं, तिन्ही आता उतारावर असतील अशी आशा आहे. मी खुशाल आहे. (खुशाल म्हणजे हातपाय शाबूत, बाकीचं पुढे येतंच.)

"नोकरी टिकवून दाखव, मंग गीताच्या लग्नाचं बोलू," असं आपण मला जानेफळाहून निघताना बजावलं होतं. म्हणूनच आमच्या जीनमधली सोमवारची हकीकत दुसऱ्या कुणी मीठमसाला लावून सांगण्याआधी मीच लिहितो. कापसातली सरकी काढणारी यंत्रं सकाळपासून बंद होती. इंजिन दुरुस्त झालं तसा गोरा साहेब माझ्याकडे बघून ओरडला, "रन द जीन!" मामा, साहेबाचं इंग्रजी मजुरांना मराठीत सांगायचं, हेच माझं काम. चिखलीच्या मास्तरांनी छडीच्या जोरावर घोकून घेतलं होतं, रन म्हणजे पळणे. आता कापसाच्या जीनमध्ये साहेबच 'पळा' म्हणतो, तर दुसरं काय समजायचं? मी बोंबललो, "पळा! आग!" (आग ही माझी पदरची भर.) बाया सरकीच्या ढिगावरून उड्या मारत फाटकाबाहेर, मागोमाग मुकादम, गाडीवान आणि बैल. सगळे पळतात हे पाहून साहेबही पळाला, तेव्हा तर माझी खात्रीच पटली. बाहेर रुखमाबाई नावाच्या मजूरबाईनं धापा टाकत विचारलं, "काऊन हो बाबू, आग कुठी हाये?" मी म्हटलं, "साहेबाले इचारा." आणि साहेब मलाच विचारत होता.

मग मी शब्दकोश उघडला. साहेबाचं घड्याळ रन होतं, दुकान रन होतं, सडक रन होते, सर्दी झाली की नाकही रन होतं. आपलं घड्याळ चालतं, दुकान चालतं, संसार चालतो. नाक तेवढं वाहतं. त्यांचं सगळं धावतं आणि आपलं चालतं. यात आधी कोण पोचतं देव जाणे, पण चालणाऱ्याला वाटेत कुणी भेटलं तर थांबता तरी येतं. शिवाय आपल्याकडे शिळी भाकर चालते, फाटकी छत्री चालते, थोडा उशीरही चालतो. इतकं सांभाळून घेणारं क्रियापद घरचं असताना मी परक्या शब्दाला ठेचकाळलो, याचं वाईट वाटतं मामा. फार वाईट वाटतं.

मामींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपला भाचा,
इंद्रभान

ता. क. नोकरी गेली. वर कुठे लिहावं ते सुचलं नाही. उंद्रीच्या एका अडत्याकडे शब्द टाकलाय. तिथं इंग्रजी लागत नाही.

आणखी एक. आपली अट मोडली, तरी विचारतो: जावई म्हणून मी चालेन का? पण उत्तर आपण देऊ नका, गीताला विचारा. ती "चालेल" म्हणाली, तर हे पत्र चुलीत घाला. "पायजे" म्हणाली, तरच मला बोलावणं धाडा.