दोन्ही नळ्यांतून आभाळ

७८६
सनद, बहरीन
१२ सप्टेंबर २०२४

ती. रशीदाआपा हिस,
हारूनचा सलाम. वि. वि.

आम्ही सुखरूप पोहोचल्याचं फोनवर सांगितलंच होतं, पण फोनवर सांगितलेलं अब्बांच्या लेखी सांगितलेलं नसतं. शाळेतून निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी त्यांची मास्तरकी काही सुटत नाही. खुशाली फोनवर आणि बाकीचं कागदावर, तेही स्वच्छ अक्षरात. मुनाफ सुट्टीवर निघालाय, त्याच्या पिशवीत हे पत्र टाकतोय. सोबत इक्राला रंगपेटी आणि तुला बदाम आहेत. बदाम तूच खा, मोहल्लाभर वाटत फिरू नकोस.

इथे उकाडा अजून हटलेला नाही. तुझी भावजय निदा कामावर रुजू झाली. माझं ऑफिस ते घर आणि घर ते ऑफिस चालू आहे. मनाम्याच्या बाजारातली पार्किंगची बोंब तशीच आहे.

निघताना अब्बांशी माझं वाजलं, त्याचं मनाला लागून राहिलंय. पण आपा, माझं काय चुकलं ते तूच सांग. मोहल्ल्यातला गनी कुवेतला आणि त्याचं घर बंद, तर मागचं दार फोडून चोरट्यांनी भांडी नेली, नळसुद्धा नेले. तुझे यजमान बोटीवर, मी इथे. घरात तुम्ही तिघं, तू, अब्बा आणि तुझी इक्रा. आणि अब्बांची बंदूक खुंटीला रिकामी! काडतुसं बिस्किटाच्या डब्यात, डबा तांदळाच्या पिंपात. चोर आला तर त्याला पाट द्यायचा, चहा टाकायचा आणि म्हणायचं, जरा दम धर बाबा, पिंप उघडतो. ऑफिसात शिरीष आणि खिजरला हे सांगितलं तर दोघं पोट धरून हसले. रिकामी बंदूक ठेवण्यापेक्षा लाटणं बरं, असं खिजरचं मत पडलं. अब्बा मात्र एकच धरून बसलेत, की परवाना रानडुकरांसाठी आहे, माणसांसाठी नाही, आणि भरलेली बंदूक घरात ठेवणं म्हणजे पाहुण्याला न सांगता साप पाळणं.

असो. तू घोर लावून घेऊ नकोस. सोय झालीय असं समज. माजघरात झाडताना त्या खुंटीला धक्का लावू नकोस आणि इक्राला तिकडे खेळू देऊ नकोस, एवढं कर म्हणजे झालं.

आहे तशीच माया राहू दे.
तुझा धाकटा,
हारून


७८६
कांदळवाडी, जि. रायगड
२८ ऑक्टोबर २०२४

चि. हारून यास,
तुझ्या आपाची दुवा. वि. वि.

बदाम पोहोचले. निम्मे वाटले. तू ओरडणार हे ठाऊक होतं म्हणून आधीच सांगून टाकते.

अब्बांनी तुला फोन केला तेव्हा मी शेजारीच होते, तरी जे फोनवर सांगता आलं नाही ते लिहिते. निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायच्या, हे आपल्याला नवं नाही. यंदाही अब्बांनी बंदूक गोणपाटात गुंडाळली आणि दशरथच्या रिक्षात बसले. शाळा वाटेवर म्हणून इक्रालाही बरोबर घेतलं. बंदूक आडवी मांडीवर घेतली होती आणि नळ्यांचं तोंड इक्राच्या बाजूला होतं. नेहमीच तसं असतं. रिकाम्या बंदुकीला कोण भितं?

ठाण्यात वीसएक परवानेवाले रांगेत होते. हवालदार शिवदास, अब्बांचा जुना विद्यार्थी. गुरुजी म्हणत उठून उभा राहिला, खुर्ची दिली. मग रीतीप्रमाणे बंदूक मोडली, म्हणजे मधोमध वाकवून नळ्या उघडल्या, तर आत दोन काडतुसं. हारून, दशरथ सांगत होता की रांगेतले लोक वाकून वाकून बघायला लागले. दर निवडणुकीला रांगेतल्या लोकांना बंदूक कशी ठेवावी ते अब्बाच समजावत असत. टांगण्याआधी मोडायची, दिव्याकडे नव्हे तर दिवसाच्या उजेडाकडे धरायची आणि दोन्ही नळ्यांतून आभाळ दिसलं तरच खुंटीला लावायची. त्याच माणसाच्या बंदुकीत काडतुसं!

शिवदासने कागदावर काही आणलं नाही. काडतुसं अब्बांच्या तळहातावर ठेवली आणि त्यांची बोटं आपल्या हाताने मिटली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. पण अब्बा ती मूठ तशीच मिटून घरी आले आणि मी सोडवेपर्यंत त्यांनी ती उघडली नाही. इक्रा शाळेतून आल्यावर तिला जवळ घ्यायला गेले आणि मध्येच हात मागे घेतला.

त्यानंतर त्यांनी तुला फोन लावला. तू बंदुकीला हात लावला होतास का, एवढंच विचारलं. तू नाही म्हणालास, आणि या वयात असं व्हायचंच, मनाला लावून घेऊ नका, असंही म्हणालास. तुझा हेतू चांगलाच होता. पण फोन ठेवल्यावर ते मला म्हणाले की मग मीच भरली असणार, आणि मला आठवत नाही.

मुनाफ चार तारखेला परत निघतोय, त्याच्याबरोबर हे पत्र आणि आंबोशी पाठवते. लवकर उत्तर दे.

तुमच्या दोघांवर जीव असलेली,
रशीदा


७८६
सनद, बहरीन
१५ नोव्हेंबर २०२४

ती. आपा हिस,
सलाम. वि. वि.

पत्र आणि आंबोशी मिळाली. सध्या ऑफिसात वर्षअखेरीची घाई आहे, म्हणून थोडक्यात लिहितो.

अब्बांचं वाचून वाईट वाटलं. पण सुदैवाने काही झालं नाही ना, मग खलास. विषय वाढवू नये असं मला वाटतं. भाताला डुकरं लागली की ते पूर्वी बंदूक भरून बसायचेच, तेव्हाच कधीतरी राहिलं असेल. अठ्ठ्याहत्तर वय म्हणजे थोडं नव्हे. तालुक्याच्या डॉक्टरला एकदा दाखवून आण. इथून बदामाचं तेल पाठवतो, डोक्याला चांगलं.

इक्राला सांग की मामाला तिची फार आठवण येते. निदा बरी आहे. हल्ली फारशी बोलत नाही, कामाचा शीण असेल.

लोभ ठेव.
हारून


७८६
कांदळवाडी
२२ डिसेंबर २०२४

चि. हारून यास,
दुवा. वि. वि.

तेल मिळालं. अब्बांनी बाटली उजेडाकडे धरून पाहिली आणि कपाटात ठेवून दिली.

डॉक्टरला दाखवलं. त्याने आज वार कोणता, शंभरातून सात वजा करत मागे जा, असलं काय काय विचारलं. अब्बांनी सगळं बरोबर सांगितलं, वर डॉक्टरच्या फळ्यावरची शुद्धलेखनाची चूकही दाखवली. डॉक्टर म्हणाला, डोकं माझ्यापेक्षा चांगलं आहे. पण अब्बांना ते पटत नाही. त्यांचं म्हणणं, डॉक्टरने आजचं विचारलं, हरवलेल्या दिवसाचं कुठे विचारलं?

आता ऐक. त्यांनी स्कूटर विकली. गॅसला हात लावत नाहीत. चहा हवा असला तरी माझी वाट बघत बसतात. बंदूक परत आणायला गेलेच नाहीत, परवानाच रद्द करा असा अर्ज देऊन आले. आणि गेल्या जुम्याला त्यांनी किल्ल्या परत केल्या. तुला ठाऊक आहे आपल्या मोहल्ल्यातली निम्मी घरं तुम्हा आखातवाल्यांची, बारा महिने बंद. त्यातल्या सात घरांच्या किल्ल्या अब्बांच्या करगोट्याला. दर रविवारी प्रत्येक घर उघडायचं, खिडक्या मोकळ्या करायच्या, पंपाची मोटर फिरवायची. गनीच्या घरी चोरी झाली तेव्हाही त्याने किल्ली परत मागितली नव्हती. त्या सगळ्या किल्ल्या जमातीच्या सेक्रेटरीपुढे ठेवल्या आणि म्हणाले की ज्याला आपल्या घरातलं आठवत नाही त्याच्या हाती दुसऱ्याचं घर नको. घरी आले तेव्हा सारखा हात कमरेकडे जात होता.

काल तुझी पत्रं नीट लावून ठेवत होते. सप्टेंबरचं पुन्हा वाचलं. सोय झालीय असं समज, खुंटीला धक्का लावू नकोस, इक्राला तिकडे खेळू देऊ नकोस. हारून, रिकाम्या बंदुकीला धक्का लागला तर काय होतं रे? तेव्हा मला वाटलं होतं की तू पोलिसांत कुणाला सांगून ठेवलं असशील. मी मूर्ख ठरले. पण तू काय ठरलास ते तूच ठरव. चोर सोडून संन्याशाला फाशी, हे आपल्याच घरात घडतंय, आणि संन्यासी आपला बाप आहे.

मी अब्बांना काही बोललेले नाही. माझ्या तोंडून ते त्यांना कळलेलं बरं नव्हे.

तरीही तुझीच,
रशीदा


७८६
सनद, बहरीन
१० जानेवारी २०२५

ती. आपा हिस,
कुठल्या तोंडाने सलाम लिहू? तरी लिहितो.

मीच भरली. निघायच्या दिवशी दुपार कलल्यावर अब्बा असरच्या नमाजाला गेले होते. पिंपातून डबा काढला, दोन्ही नळ्या भरल्या आणि बंदूक पुन्हा खुंटीला लावली. निदा त्याच खोलीत बॅगा भरत होती. अब्बांना सांगून तरी ठेव, असं ती म्हणाली. पोहोचल्यावर फोन करून सांगतो म्हणालो. पोहोचल्यावर वाटलं, ते रागावतील आणि लगेच रिकामी करतील, मग भरून उपयोग काय? म्हणून गप्प बसलो. आणि इथे ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत, शिरीष-खिजरला टेचात सांगितलं की घरचा बंदोबस्त करून आलोय. त्यांनी पाठ थोपटली. सनदला मी दाराची कडीसुद्धा कधी कधी विसरतो, इतकी इथे बेफिकिरी, आणि तुमच्या डोक्यावर भरलेली बंदूक टांगून मी शूर झालो.

अब्बांचा फोन आला तेव्हा खरं जिभेवर होतं, आपा. पण त्यांच्या आवाजात असं काही होतं की मी घाबरलो. त्रेचाळीस वर्षांचा घोडा, पण मास्तरांपुढे उभ्या पोरासारखा नाही म्हणून मोकळा झालो. आणि वर त्यांच्या वयाचं सांगितलं. ते मला कुणी विचारलंही नव्हतं. निदा समोरच बसली होती. त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते, आणि मी तुला तिच्या शिणाचं लिहिलं. तू मला रिक्षातलं लिहिलंस, नळ्यांचं तोंड इक्राकडे होतं ते, त्यानंतर मी रोज त्या रस्त्यावरचे खड्डे मोजतो. शाळेच्या अलीकडे मोरी आहे, तिथे रिक्षा कशी आपटते ते मला माहीत आहे. हे सगळं वाचूनही मी तुला तेल पाठवलं. शरम वाटते म्हणणं फार थोडं आहे.

सोबत अब्बांना वेगळं पत्र आहे. त्यात सगळं लिहिलंय, वेळ, डबा, खुंटी, फोनवरचं खोटं. चार वेळा लिहून फाडलं. दर वेळी शब्द खोडले जात होते. पाचव्यांदा नीट, स्वच्छ उतरवून काढलं, कारण खाडाखोड केलेलं त्यांना वाचवत नाही. ते त्यांच्या हातात दे. त्यांनी मला काय हवं ते बोलावं, तोंड पाहू नये, चालेल. पण किल्ल्या परत घ्याव्यात. आठ दिवसांनी मुनाफ पुन्हा निघतोय. रजा मिळाली तर इंशाल्ला रमजानमध्ये मीही येतो.

माया ठेव असं म्हणायचा हक्क राहिलेला नाही. तरी ठेव.
हारून


७८६
कांदळवाडी
३ फेब्रुवारी २०२५

चि. हारून यास,
अब्बांची दुवा. वि. वि.

तुझं पत्र मुनाफने आणून दिलं. दोनदा वाचलं. निदाची तब्येत ठीक असावी. आमच्याकडे यंदा आंब्याला मोहोर बरा आहे, माकडांनी ठेवला तर.

आता तुझ्या पत्राबद्दल. बाळ, मी चाळीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्या. एखाद्या पोराने मनातलं लिहिलं की शब्द खोडतो, ओळ वाकडी जाते, शाई सांडते. दुसऱ्याचं उतरवून काढलं की पान स्वच्छ. तुझ्या चार पानांत एक काना खोडलेला नाही. तेव्हाच ओळखलं. रशीदाने तुला माझं रडगाणं कळवलं असणार आणि म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून तुम्ही दोघांनी हे रचलंत. ती शपथेवर सांगते की हे खरं आहे. दोघं मिळून बोलता, त्यामुळे माझा विश्वास वाढत नाही, तुमच्याबद्दलची माया मात्र वाढते. बापाची चूक स्वतःच्या अंगावर घेणारा मुलगा किती जणांना मिळतो? पत्र कुराणशरीफाच्या कपाटात ठेवलंय.

भरलेली ठेवावी की रिकामी, यावर आपण भांडलो. तू वाटेल ते म्हण, मला अजूनही रिकामीच पटते. पण आता कळतं की आधीचा प्रश्न वेगळाच होता. घरात ती कशी आहे हे ज्याला नक्की माहीत असतं, त्याच्याच हाती ती असावी. मला माहीत नव्हतं. इक्रा शेजारी बसली होती आणि मला माहीत नव्हतं. त्यामुळे परवाना गेला याचं दुःख नाही. किल्ल्यांचा आग्रह तूही करू नकोस. गनीचाही फोन आला होता, त्यालाही हेच सांगितलं.

रमजानमध्ये यायचं लिहितोस तर जरूर ये, पण माझी समजूत काढायला येऊ नकोस. आलास की रात्री गॅस आणि दार एकदा तू बघत जा, मला बरं वाटेल.

आणि पुन्हा असलं पत्र लिहू नकोस. तू खरंच भरली असतीस, तर मी फोनवर विचारलं त्याच दिवशी सांगितलं असतंस. तेवढं तरी मी तुला शिकवलंय.

निदाला दुवा. तुझ्यावर होता त्याहून अधिक लोभ आहे.

तुझे अब्बा