ज्यांना काही लागत नाही

पॉइंट कुक, ऑस्ट्रेलिया

प्रिय आई, येशू तुला सांभाळो.

आम्ही बरे आहोत. तू मोगरा लाव म्हणालीस, पण इथल्या वाऱ्यात तो टिकत नाही. म्हणून नर्सरीतून इथलंच रानगवत आणि पिवळी रानफुलं आणली. आपल्या वाडीतल्यासारखं शेणखत घालून रोज पाणी दिलं, तर सगळी कुजली. तुझा जावई हेन्री हसत होता. नर्सरीवाली म्हणाली, "यांना काही लागत नाही." दुसऱ्यांदा लावली ती तशीच सोडली, आता फुललीत.

बाबा गेल्यापासून फोनवर तूही हेच म्हणतेस, "मला काही लागत नाही." झाडांचं मी खरं मानलं. तुझं कसं मानू?

संध्याकाळच्या रोझरीच्या प्रार्थनेत अर्धी नमो मारिया बाबा म्हणायचे, अर्धी तू. आता त्यांची अर्धी कोण म्हणतं?

तुझीच,
रोशेल